चार स्क्रूंची मान

"अहो, दुरुस्तीपेक्षा नवीन घेतलेलं परवडेल." या एका वाक्यानं आपल्या घरातल्या किती चांगल्या वस्तू भंगारात घातल्या असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. मिक्सर नेला की हेच वाक्य, पंखा नेला की हेच, इस्त्री नेली तरी हेच. सांगणारा इतक्या आपुलकीनं सांगतो, की आपल्याच भल्याचं बोलतोय असं वाटावं. माझं म्हणणं असं, की हे वाक्य पुष्कळदा खोटं असतं. आणि जेव्हा खरं असतं, तेव्हा ते कुणीतरी आधीच खरं करून ठेवलेलं असतं. आज त्यावरच भांडायला बसले आहे, आणि भांडणासाठी उदाहरण घेतलंय बास गिटारचं.

दचकू नका मंडळी. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईनं बास गिटारवर लिहावं हे जरा विचित्रच आहे. मला ती वाजवताही येत नाही. पण नातवाची बास गेल्या दिवाळीत आमच्या ओसरीवर सुटी होऊन पडली होती, आणि शिक्षकी पेशाची खोड अशी, की समोर काही उघडलेलं दिसलं की ते समजून घेतल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी इलेक्ट्रिक गिटार. गाण्यात ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण काढून टाकली तर गाणं पोकळ वाटतं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांमागे टोनी वाझ यांची बास असायची. नाव आठवणार नाही, पण पाय आपोआप ठेका धरतो तो तिच्यामुळे. हिचे मुख्य भाग दोन. एक धड, त्याला ही मुलं 'बॉडी' म्हणतात. दुसरी मान, म्हणजे 'नेक'. (आपल्याकडे नेक म्हणजे सचोटीचा. हा योगायोग मला भारी आवडला.) मानेवर पडदे आणि टोकाला खुंट्या, धडावर आवाज पकडणारे पिकअप आणि तारांची घोडी. आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक बास गिटारींत ही मान धडाला चिकटवलेली नसते. धडात एक खाच असते, तिच्यात मानेचं बूड बसतं, आणि मागून चार स्क्रू. बस्स.

नातवाची बास सेकंडहँड. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन, वर्षभर पैसे साठवून त्यानं ती घेतली. दोन पावसाळे झाले आणि मान पिळली. नुसती वाकली असती तर चाललं असतं. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती एलन कीनं आवळली किंवा सैल सोडली की वाक कमीजास्त करता येतो. पण पीळ पडला, म्हणजे खाटेचा एक कोपरा उचलला जावा तसं झालं, की त्या सळईला काही करता येत नाही. एका पडद्यावर तार खणखणायची, दुसऱ्यावर बोट दुखेपर्यंत दाबावं लागायचं.

पोरानं ती दुकानात नेली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण अशी दुकानं गावोगावी आहेत. तिथल्या माणसानं मानेवरून नजर फिरवली आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "यात आता काही राम नाही. नवीन घ्या. ही जमा करा, दोन हजार वजा करतो." नवीन होती सोळा हजारांची. "नुसती मान बदलता येईल का?" असं यानं विचारलं, तर उत्तर आलं, "तसं कुणी करत नाही."

नीट वाचा. 'करता येत नाही' असं तो म्हणाला नाही. 'कुणी करत नाही' म्हणाला. मी जन्मभर पेपर तपासलेत. उत्तर न येणं आणि उत्तर टाळणं यांतला फरक मला कळतो.

आता ही वस्तू मुळात केली कुणी आणि कशासाठी, ते बघू. नातवाची बास ज्या नमुन्यावर बेतलेली आहे तो नमुना 1951 चा. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. त्याआधी खर्ज वाजवणाऱ्याला माणसापेक्षा उंच असं डबल बास उभं धरून वाजवावं लागे. त्याला पडदे नसतात, सूर बोटानंच शोधायचा. पडदे आले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव 'प्रिसिजन'. हे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत! शिक्षण हिशेबनिसाचं आणि धंदा रेडिओ दुरुस्तीचा. 1938 साली त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि तिथूनच पुढं वाद्यांकडे वळले.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रत्येक वस्तू कधी ना कधी बिघडते, आणि बिघडते ती एखाद्याच ठिकाणी. बाकीची धडधाकट असते. तेव्हा ते एक ठिकाण सुटं करता आलं पाहिजे. गिटारीत सगळ्यात जास्त सोसते ती मान. चार तारांचा मिळून ताण 75 ते 80 किलोंच्या घरात असतो, तो रात्रंदिवस तिच्यावर. पडदे झिजतात ते तिच्यावरचे, हवेतल्या ओलाव्यानं फुगते आणि आकसते तीही तीच. मग ती सुटी हवी, एवढा साधा विचार.

मान स्क्रूनं जोडण्याची कल्पना एकट्या फेंडर यांची नव्हे. 1930 च्या दशकात रिकनबॅकरच्या बेकलाइटच्या गिटारीलाही सुटी मान होतीच. आणि यात कारखान्याचीही सोय होती, हे लपवण्याचं कारण नाही. धड एकीकडे करायचं, मान दुसरीकडे, शेवटी जोडायचं. काम भराभर होतं, स्वस्तात होतं. पण कारखान्यानं स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले तेच चार स्क्रू पुढं गिऱ्हाइकाच्याही कामी आले. या गिटारींच्या इतक्या नकला झाल्या, की 2009 साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळानं प्रिसिजन बाससकट फेंडरच्या तीन गिटारींच्या धडाच्या आकारावर कंपनीला एकटीचा हक्क द्यायला नकार दिला. मापं तर केव्हाच सगळ्यांची झाली होती. वरच्या नटपासून घोडीपर्यंत 34 इंच, मानेच्या बुडाची रुंदी अडीच इंच. म्हणूनच आज सुटी मान विकत मिळते. फेंडर स्वतः विकते, तिच्या परवान्यानं दुसरे विकतात, आणि बिननावाच्या तर कितीतरी. ज्या दुकानदाराला 'कुणी करत नाही' असं वाटतं, त्याच्या धंद्यातला हा अख्खा एक बाजार आहे!

इथं कुणी हुशार वाचक मला अडवील. "बाई, तुम्ही सांगलीच्या. शेजारी मिरज. तिथल्या तंबोऱ्याची दांडी कुठं स्क्रूनं जोडलेली असते? तो काय टाकाऊ झाला?"

अगदी बरोबर प्रश्न आहे. तंबोऱ्याची दांडी आणि भोपळा एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात. तरीही तंबोरे तीन-तीन पिढ्या गातात. भोपळा तडकला, दांडी हलली, जवारी बिघडली, तर गवई वाद्य उचलून मिरजेला येतो. तिथल्या शिकलगार मंडळींचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत वाद्य करणारा आणि वाद्य दुरुस्त करणारा एकाच घरात राहतो. गिऱ्हाइकाचं नाव त्याला ठाऊक असतं, भोपळा केव्हाचा तेही ठाऊक असतं. त्यामुळे वाद्य उघडायची सोय लाकडात ठेवायची गरज तिथं पडत नाही. ती सोय त्या माणसापाशीच असते.

कारखान्यातून आलेल्या वस्तूचं तसं नसतं. ती समुद्रापलीकडून खोक्यात बसून येते. करणारा कोण ते आपल्याला माहीत नाही, घेणारा कोण ते त्याला माहीत नाही. बिघडली तर नेणार कुठं? म्हणून माझा आग्रह आहे, की जो कारागीर आपल्या शेजारी राहणार नाही, त्यानं वस्तू उघडायची वाट तिच्यातच ठेवून जायला हवं. मिरजेत माणूस आहे, बास गिटारीत स्क्रू आहेत. ज्या वस्तूत स्क्रूही नाहीत आणि जिच्या मागे माणूसही नाही, ती वस्तू आपण विकत घेतली असं म्हणणं चुकीचं. आपण ती बिघडेपर्यंत भाड्यानं आणली, एवढंच.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप पैशाचा. नव्या मानेला साडेसहा हजार पडले. लगेच एका नातेवाइकांनी हिशोब ऐकवला, "अजून थोडे घातले असते तर नवीकोरी आली असती." थोडे म्हणजे किती? जुनी जमा करून नवी चौदा हजारांना, म्हणजे फरक साडेसात हजारांचा. महिनोन्‌महिने शिकवण्या घेणाऱ्या पोराला साडेसात हजार 'थोडे' नसतात. शिवाय नवीन आणली तरी तिलाही मान आहे आणि पुण्यालाही पावसाळा आहे. दोन वर्षांनी पुन्हा चौदा हजार? हां, आठ हजारांच्या बासला साडेसहा हजारांची मान घाला असं मी म्हणणार नाही. तिथं सेकंडहँड मान शोधावी. कुणाचं धड फुटलेलं असतं आणि मान शाबूत असते, कुणाचं उलट. दोन मेलेल्यांतून एक जिवंत होते. पण हे केव्हा? मापं सारखी असतील आणि स्क्रू निघत असतील तेव्हाच.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. "हे आपलं काम नव्हे, त्यातले लोक लागतात." तर प्रत्यक्ष काय घडलं ते सांगते.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री राहतात. दारं, खिडक्या, देव्हारे करण्यात हयात गेली. बास गिटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. नातवाला म्हणाले, "लाकूडच आहे ना? मग बघू की." आधी मापं. खाच अडीच इंच, नव्या मानेचं बूड केसभर जास्त. पोरगं हातोडीकडे बघायला लागलं तर म्हणाले, "ठोकायचं नाही बाळा, कड चिरेल." खाचेतला जुना रंग पॉलिश पेपरनं हलका घासला, आणि मान हाताच्या दाबानं बसली.

मग लांबी. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत 17 इंच. बारावा पडदा म्हणजे तारेचा बरोबर मध्य, तेव्हा तिथून घोडीपर्यंतही 17 च हवेत, वर किंचित जास्त. जास्त का? तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो, तेवढी भरपाई करावी लागते. घोडीवरचे टेकू मागंपुढं सरकतात, ते यासाठीच. हे नातवानं मला समजावलं, आणि मी मनात म्हटलं, याला भौतिकशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर यानं पाठ केलेलं उत्तर लिहिलं असतं. इथं तो उत्तर हातात धरून बसला होता.

मग सरळपणा. मान शिकंज्यात अलगद धरून कडेच्या दोन तारा, एक जाड आणि एक बारीक, सैल चढवल्या. दोन्ही तारा मानेच्या आपापल्या काठापासून सारख्या अंतरावर आल्या की मान सरळ बसली. मिस्त्रींनी एक डोळा मिटला. "बाई, अर्धं सूत डावीकडं पाहिजे." नातवानं पट्टी लावली. तेवढंच होतं.

मग भोकं, आणि इथं एक बारकी गोष्ट आहे. धडातल्या भोकांतून स्क्रू सैल जायला हवा. त्याचे आटे मानेच्या लाकडातच पकडायला हवेत. धडातही पकडले तर दोन लाकडांच्या मध्ये फट राहते, मग कितीही आवळा. धडाच्या भोकांतून मानेवर खुणा केल्या आणि 3 मिलिमीटरच्या पात्यानं भोकं पाडली. पात्याला चिकटपट्टीचं कडं गुंडाळलं होतं, खोली कळावी म्हणून. नाहीतर पातं थेट पडद्यांच्या पट्टीतून वर यायचं! मेपलचं लाकूड कठीण, कोरडा स्क्रू घुसवला तर त्याची मुंडी तुटू शकते. मिस्त्रींनी न सांगता चारही स्क्रू अंगाच्या साबणावर घासले. मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले.

खुंट्या जुन्या मानेच्याच काढून बसवल्या. तारा चढवल्या, ताण देऊन रात्रभर ठेवली. सकाळी पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मधली फट बघितली. सातव्या-आठव्या पडद्यापाशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवी, ती ट्रस रॉडनं साधली. तारा तरीही जरा उंच वाटत होत्या. मान पुन्हा सैल करून खाचेच्या घोडीकडच्या टोकाला मिस्त्रींनी कागदाएवढी पातळ लाकडी चिपटी सारली, मान त्या केसभर कोनानं मागं कलली आणि तारा खाली आल्या. एक दुपार आणि एक सकाळ. मिस्त्री पाचशे रुपये घ्यायला तयार नव्हते, रागावून द्यावे लागले.

तर 'त्यातले लोक' म्हणजे कोण? ज्याला लाकूड कळतं तो एक आणि ज्याला सूर कळतो तो एक. दोघंही आपल्या गल्लीत, आपल्या घरात असतात. त्यांची गाठ पडत नाही, कारण मध्ये 'नवीन घ्या' म्हणणारा उभा असतो.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो, शौकिनांकडून. "मान बदलली? मग ती ओरिजिनल राहिली नाही. किंमत गेली." ही मंडळी जुन्या वाद्याचा स्क्रूसुद्धा बदलू देत नाहीत. आता नांगराचा फाळ झिजला तर बदलतात, विळ्याची मूठ मोडली तर नवी घालतात. शेतकऱ्याला जाऊन सांगा बरं, की हा नांगर आता ओरिजिनल राहिला नाही! तो तुम्हाला त्याच नांगरानं नांगरलेलं शेत दाखवील.

गिटारींच्या जगातलंच उदाहरण हवं असेल तर एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' घ्या. 1970 साली त्यांनी नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. त्यांतल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली आणि पुढं वर्षानुवर्षं ती वाजवली. ही जमवाजमवीची गिटार 2004 साली लिलावात 9,59,500 डॉलरना गेली. आणि बासमध्ये जॅको पास्टोरियस यांची 1962 ची जॅझ बास. तिचे पडदे उपटलेले, खाचा भरलेल्या, वर नावेला लावतात तसला इपॉक्सीचा लेप. शौकिनांच्या हिशोबानं ती नासवलेलीच होती. पण पडदे नसलेली इलेक्ट्रिक बास कशी वाजवावी हे जगानं तिच्यावर ऐकलं. वाद्याचं मोल वाजण्यात असतं. 'टाकून द्या' म्हणणारा आणि 'हात लावू नका' म्हणणारा हे दोघं भांडताना दिसतात खरे, पण दोघांच्याही हिशोबात वाजवणारा कुठंच नसतो.

चौथा आक्षेप जाणकारांचा, आणि तो मी मानानं घेते. चिकटवलेली मान, किंवा मान आणि धडाचा मधला भाग एकाच लाकडातून काढलेली बास (रिकनबॅकरची 4001 तशी आहे), जास्त वेळ घुमते असं बरेच वादक सांगतात. काही वादकांना हा फरक ऐकूच येत नाही. असेल फरक. ज्याला तो हवा त्यानं ती जरूर घ्यावी, आणि तिची मान बिघडली तर मोठं ऑपरेशन आहे हे समजून घ्यावी. माझं भांडण त्या वाद्यांशी नाहीच. दुकानातला माणूस विकताना हा फरक सांगत नाही, याच्याशी आहे. रंग सांगतात, पिकअप सांगतात, हप्ता किती बसेल तेही सांगतात. 'ही उघडते आणि ती उघडत नाही' एवढं सोडून सगळं सांगतात.

यात लाकडाचाही प्रश्न आहे. मानेवरची काळसर पट्टी पुष्कळदा शिसवाची असते, आणि त्यात आपल्याकडचा शिसवही असतो. ज्याचे पलंग आणि पाट आपल्या आजोळी होते, तोच. या शिसवाच्या जातीची झाडं जगभर इतकी तोडली गेली, की 2 जानेवारी 2017 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधनं आली, अगदी गिटारींसकट. तयार वाद्यांना त्यातून 26 नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली. सूट मिळाली म्हणून झाड लवकर वाढत नाही. पिळलेल्या मानेबरोबर धडधाकट धडही टाकायचं, हा हिशोब कुठल्या पुस्तकात बसतो ते मला कुणी सांगावं.

सरकारांनाही हे कळू लागलंय. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. युरोपीय महासंघानं 2024 साली निर्देश काढून वॉशिंग मशीन, मोबाइल अशा ठरावीक वस्तू हमीची मुदत संपल्यावरही दुरुस्त करून देणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. त्यात गिटार नाही. तिला गरजही नाही, तिचं काम 1951 सालीच चार स्क्रूंनी केलं होतं. खेद याचा, की सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला जे सहज सुचलं, ते आता कायदे करून लोकांकडून करवून घ्यावं लागतंय.

आणि शेवटी आमच्याच खात्याबद्दल. कायदे आले तरी ते वापरणारे हात हवेत. शाळेत कार्यानुभव नावाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचा. गणितवाले घेतात, इंग्रजीवाले घेतात. स्टाफरूममध्ये मी यावरून किती वेळा वाद घातले त्याला गणती नाही. उत्तर ठरलेलं, "बाई, त्याचे मार्क कुठं धरतात?" ज्याचे मार्क धरत नाहीत ते शिकवायचं नाही, मग ते येणारी माणसं कमी होतात, मग दुकानदार म्हणतो 'तसं कुणी करत नाही', आणि तेव्हा तो खोटं बोलत नसतो! बी.ए. झालेल्या मला हे म्हणायला संकोच वाटत नाही, की त्या दिवशी आमच्या ओसरीवर सगळ्यात शिकलेला माणूस कोण असेल, तर सातवीनंतर शाळा सुटलेले ते मिस्त्री. डोळ्यानं अर्धं सूत मोजणं ही विद्याच आहे. तिला पदवी नाही एवढंच.

असो. उपदेश लांबला, सवय जात नाही. एक गृहपाठ मात्र देते. पुढच्या वेळी काहीही विकत घ्याल, गिटार घ्या, मिक्सर घ्या, नातवंडाचं खेळणं घ्या, पैसे देण्याआधी ती वस्तू उलटी करा आणि विक्रेत्याला विचारा, "हे उघडतं कुठून? आणि यातलं पहिलं बिघडणार काय, ते सुटं मिळतं का?" उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो हसेल. शंभरांनी विचारलं तर कंपनीला कळवील. दुरुस्तीसाठी नेल्यावर कुणी 'परवडत नाही' म्हणालं, तर कुणाला परवडत नाही ते नीट विचारून घ्या. आणि 'तसं कुणी करत नाही' असं ऐकवलं, तर खुशाल सांगा, सांगलीत करतात.